दोरीचा मेव्हणा

"आवळ जरा. मेलेल्या म्हशीला बांधतंस कं?"

बामा हात वर करून उभा होता आणि मी त्याच्या कंबरेला दोरी बांधत होतो. पडाव खाडीच्या मधोमध नांगरलेला. ओहोटी लागलेली, पाणी गढूळ आणि जड वाहत होतं. मी गाठ आवळली. मुद्दाम जास्तच आवळली. त्याच्या पोटातली हवा हुंकारासारखी बाहेर आली आणि तो हसला.

"राग दोरीवर नको काढूस, सालेसाहेब. बयनीला इचार, तिनं कं केलं त्ये."

"कं केलं?"

"बोंबलाच्या कालवनात चिंच नाय घातली."

"म्हनून तिच्या हातावर पाय दिलास?"

"मी पाय टाकला. हात तिचा मधी आला."

बादलीची दोरी गुंडाळत बसलेला मंगल्या फिस्सकन हसला. पडावाचा मालक शिणवार तांडेल सुकाणूपाशी बिडी ओढत होता, त्यानं ऐकलं आणि पाण्यात थुंकला. बाईमाणसाचा विषय निघाला की शिणवार थुंकायचा. कुणाच्या बाजूनं थुंकला, ते मात्र कधी कळायचं नाही.

सुगंधा माझी धाकटी बहीण. त्याच सकाळी मी तिला बंदरावर पाहिलं होतं. उजवं मनगट वांग्यासारखं सुजलेलं, आणि ती डाव्या हातानं डोक्यावरची पाटी सावरत रेती वाहत होती. विचारलं तर म्हणाली, "घसरले, दादूस." आमच्या बंदरावरच्या सगळ्याच बाया घसरायच्या. एवढी निसरडी घरं मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाहीत.

आणि अशा माणसाची दोरी माझ्या हातात होती, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातात असूच शकत नव्हती.

आमच्याकडं रेती बुडी मारून काढत. तळात लांब बांबू रोवायचा, लोखंडी बादली घेऊन त्या बांबूला धरत खाली उतरायचं, एका दमात बादली भरायची आणि वर यायचं. बादलीला एक दोरी असते, ती कुणीही ओढावी. बुडी मारणाऱ्याच्या कंबरेला दुसरी असते. तिचं टोक फक्त मेव्हण्याकडं. बायकोच्या सख्ख्या भावाकडं. स्वतःचा भाऊ चालत नाही, कारण भाऊ मेला की घरातला वाटा वाढतो. दोस्त चालत नाही, कारण दोस्ताची नजर बायकोवर असायची. मेव्हणा मात्र आपल्याच बहिणीचं कुंकू पुसणार नाही. हे शहाणपण कुठल्या म्हाताऱ्यानं काढलं कोण जाणे. पण ते असं पक्कं होतं की ज्या पोरीला सख्खा भाऊ नाही तिला बुडणाऱ्याच्या घरात कुणी देत नसे. लग्नात हळदीच्या अंगानं नवरा उठायचा, नव्या दोरीचं टोक मेव्हण्याच्या मनगटाला बांधायचा, आणि बाया गाणं म्हणायच्या. माझ्याही मनगटाला बामानं बांधलं होतं. तेव्हा आम्ही दोघंही दारू प्यालेलो होतो आणि गळ्यात गळे घालून रडलो होतो. त्या रडण्याची मला आजही शिसारी येते.

मेव्हणा बहिणीला रंडकी करणार नाही, एवढंच त्या म्हाताऱ्यांनी बघितलं. बहिणीला तुडवणाऱ्याची दोरी धरताना मेव्हण्याच्या हाताला काय वाटतं, ते कुणी विचारलं नाही. आणि दोरी नाकारायची सोय नव्हती. नाकारली असती तर मी बंदराबाहेर, आणि सुगंधा तिथंच, त्याच्याच घरात, पाठीशी कुणी नसलेली.

बामा दोन बुड्या मारून आला होता. तिसरीच्या आधी दम घेत होता. त्याच्या केसांत, कानांत, खांद्याच्या खळग्यात रेतीचे दाणे चिकटलेले मला दिसले.

"तुज्या केसात रेती हाय," मी म्हणालो.

"मग? रेती काढतो मी. मोगरा नाय."

"खाली वाकून भरतोस तवा डोक्यावर पडते ना? भिंत गलतेय. बांबू पलीकडं घे."

ती जागा मला पहिल्यापासून पटली नव्हती. आठवडाभर तिथं पंपाचा बार्ज उभा होता. मोठ्या नळीनं तळाची रेती ओढून बार्जवाल्यांनी खड्डा केला, आणि गावकऱ्यांनी हाकलल्यावर निघून गेले. खड्डा राहिला. लोकांना वाटतं, पाण्यातली रेती म्हणजे मऊ ढीग. तसं नसतं. वर्षानुवर्षं दबून बसलेली जाड रेती समोरची रेती काढली तरी पाण्याखाली भिंतीसारखी सरळ उभी राहते, माणसाहून उंच. पण ती उभी असते तोच तिच्या आत पाणी शिरत असतं. शिरेल तसे तोंडावरचे दाणे सुटतात आणि रव्यासारखे गळत राहतात. गळता गळता कधीतरी अख्खा थर निसटतो. तो दगडासारखा पडत नाही, पेजेसारखा वाहत येतो. तुमच्या पायांभोवती येऊन थांबतो, आणि थांबला की घट्ट बसतो. वाहताना पेज, बसल्यावर भिंत. बामा त्या भिंतीच्या पायथ्याशी बादली भरत होता, कारण तिथली रेती जाड, स्वच्छ आणि पटकन भरणारी होती.

"पलीकडं चिखल हाय," शिणवार सुकाणूवरून म्हणाला. "चिखलाचं घर कोन बांधतो? त्याला उतरू दे."

"तांडेल, भिंत पडेल."

"तू खाली जातोस कं? नाय ना? मग जो जातो त्याला कलतं."

"कलतं कसलं! तो हपापलाय."

बामा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. नाकातून पाणी गळत होतं, ते त्यानं बोटानं शिंकरून माझ्या पायाशी उडवलं.

"हा भितो, तांडेल. याचा बाप तसाच मेला ना, रेतीत. तवापासून याला बादलीभर रेती बघितली तरी मुतायला व्हतंय."

"बापाचं नाव घेऊ नको."

"घेतलं. कं करशील?" तो मंगल्याकडं बघून हसला. "दोरी सोडशील?"

"एक दिवस सोडीन."

हे मी ओरडून नाही म्हणालो. साधं, जेवायला येतो म्हणावं तसं म्हणालो. म्हणून ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं. मंगल्याचं हसू तोंडातच राहिलं. शिणवारनं बिडी विझवली.

"थुंक," तो म्हणाला. "शब्द थुंकून टाक, हसुराम. पानी ऐकतंय."

मी थुंकलो नाही.

बामानं छाती भरून घेतली, बादली उचलली, बांबूला पाय गुंफला आणि खाली गेला.

दोरी माझ्या तळहातातून सुटत गेली. मग थांबली. म्हणजे तो तळाला टेकला. डाव्या हातात दोरी, उजवा बांबूवर. बांबूला हात लावून ठेवायची मला सवय होती. खाली काय चाललंय ते बांबू सांगतो. बादली तळाला घासते तेव्हा खरखर येते. माणूस वर येताना पायांचा हिसका येतो. त्या वेळी खरखर येत होती. मग ती बंद झाली, आणि बांबू नुसता थरथरू लागला, ताप आलेल्या माणसासारखा. मग एकाएकी ताठ उभा राहिला. कुणीतरी खालून मुठीत पकडावा तसा.

बांबूभोवतीचं पाणी तपकिरी झालं. बुडबुडे आले, मोठे मोठे, आणि बंद झाले.

"बादली येत नाय!" मंगल्या ओरडला. तो दोन्ही पाय कठड्याला लावून बादलीची दोरी खेचत होता. "तांडेल, बादली गाडली!"

माझ्या हातातल्या दोरीला तीन हिसके बसले. ओढ, ओढ, ओढ.

मी ओढलं. दोरी तारेसारखी ताणली. पण माणसाचं वजन लागतं तसं ते लागत नव्हतं. माणूस जड असला तरी पाण्यात थोडा सरकतो. हे सरकत नव्हतं. हे धरून होतं.

शिणवार उड्या टाकत आला, त्यानं माझ्या मागून दोरी पकडली. "वढ! हश्या, जीव खाऊन वढ!" आम्ही दोघांनी मिळून झोकून दिलं. पडाव त्या अंगाला कलला. भरलेली रेती कडेला घसरली. दोरीतून पाणी पिळून निघालं. खालून परत हिसका आला, पण पहिल्यापेक्षा अशक्त.

मी मूठ उघडली.

एकट्या शिणवारच्या हातातून दोरी निसटली आणि तो मागच्या मागं रेतीत पडला. दोरी सैल होऊन पाण्यावर तरंगू लागली.

"सोडलीस?" तो पडल्या पडल्याच म्हणाला. त्याच्या तोंडावर राग नव्हता अजून, नुसतं नवल होतं. मग राग आला. "सोडलीस, भडव्या? तो खाली हाय!"

"हाय ना. म्हनून सोडली."

मंगल्या बादलीची दोरी टाकून माझ्यावर धावला. मी दोरीचं टोक डाव्या दंडाला गुंडाळलं आणि पडावाच्या फळीत खोचलेला कोयता उपसला. नांगराची दोरी अडकली तर तोडायला तो तिथं असायचा.

"जो दोरीला हात लावील त्याच्यासमोर तोडीन," मी म्हणालो. "मग बसा बोंबलत."

मंगल्या थांबला.

"मंगल्या, उडी टाक!" शिणवार किंचाळला. "जा खाली!"

मंगल्यानं त्या तपकिरी पाण्याकडं पाहिलं, माझ्या हातातल्या कोयत्याकडं पाहिलं, आणि दोन्हीपैकी कशाकडंच गेला नाही.

शिणवारनं वल्हं उचललं आणि माझ्या खांद्यावर घातलं. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. मी कोयता दोरीवर टेकवला. त्यानं दुसऱ्यांदा उगारलेलं वल्हं तसंच वर धरून ठेवलं. तो रडत होता. म्हातारा, दगडासारखा माणूस, बामाला त्यानंच बुडी शिकवली होती.

"तुज्या बयनीला रंडकी करतोस रं! सख्ख्या बयनीला! आयच्या दुधाची तरी लाज धर!"

मी दोरी बघत होतो. बोटांनी तिला मध्येच हलकंसं हलवत होतो, पाळण्याची दोरी हलवावी तेवढंच, आणि परत सोडून देत होतो. दोरी मेल्यासारखी पडली होती. पाण्यानं ती थोडी वाहून नेली. शिणवारच्या शिव्या चालूच होत्या, आता त्यात माझा बापही आला होता, माझी आयही, आणि आमच्या घराण्यात अजून न जन्मलेली पोरंही.

मग दोरी वीतभर सरकली.

थांबली. परत वीतभर. मी ओढलं नाही. तळहात उघडा ठेवून दोरी त्यावर फक्त ठेवली. ती हातभर आली, आणि मग एकदम सगळीच मोकळी झाली.

बामाचं डोकं पडावापासून बरंच लांब, ओहोटीच्या अंगाला वर आलं. तोंड एवढं उघडं की आतली पडजीभ दिसावी. आवाज मात्र नव्हता. तेव्हा कुठं मी ओढलं, आणि मंगल्या आणि शिणवारही धावले, आणि आम्ही तिघांनी त्याला कठड्यावरून आत घेतला. त्याच्या तोंडातून पाणी आलं, मग रेती, मग परत पाणी. मांड्यांपर्यंत पाय सोलून निघाले होते. शिणवार त्याच्या छातीवर डोकं ठेवून देवाचं नाव घेत होता.

बामानं डोळे उघडले. आधी आभाळाकडं पाहिलं, मग मला शोधलं.

"यानं..." तो म्हणाला. खोकला. "यानं दोरी सोडली."

पडाव बंदराकडं निघाला. कोयता शिणवारनं आपल्या बुडाखाली घेतला होता. मी पुढच्या टोकाला, नाळेशी बसलो, खांदा धरून.

बापाची गोष्ट त्या पडावावर सगळ्यांना ठाऊक होती, पण अर्धीच. माझ्या बापाची दोरी माझ्या मामानं धरली होती. मामाचा बापावर जीव होता, दोघं एका ताटात जेवत. भिंत पडली, बाप मांड्यांपर्यंत गाडला गेला, आणि मामानं ओढायला सुरुवात केली. रडत रडत ओढलं. मग शेजारच्या पडावावरून आणखी माणसं आली, तीही ओढू लागली. जेवढं ओढलं तेवढी रेती आवळत गेली. बाप निघाला तेव्हा दोर कंबरेत हाडापर्यंत गेला होता. मामा मरेपर्यंत छाती पिटून सांगायचा, मी एक क्षणभर हात सैल नाय सोडला. लोक त्याच्या पाया पडत. असा मेव्हणा मिळायला भाग्य लागतं म्हणत.

मी मात्र त्यानंतर कित्येक दिवस किनाऱ्यावर, कंबरभर पाण्यात, रेतीत पाय रोवून उभा राहायचो. लोकांना वाटलं, बापाच्या मरणानं पोरगा खुळावला. मी पाय ओढून बघत होतो. जोरात ओढला की रेती दातखीळ बसल्यासारखी धरते. दाणे एकमेकांवर चढू बघतात, मध्ये फट पडते, त्या फटीला पाणी हवं असतं, आणि पाणी यायच्या आत तुम्ही आणखी ओढता. ओढणं थांबवलं, पाय जरासा हलवला, की पाणी आत शिरतं. मग रेती सोडते. उपकार केल्यासारखी नाही, विसरल्यासारखी सोडते. माझ्या बापाला कुणी तेवढी उसंत दिलीच नाही. सगळ्यांचा त्याच्यावर जीव होता ना.

बामावर माझा जीव असता तर मीही ओढत राहिलो असतो. तो माझ्या हातात, माझ्या प्रेमानं मेला असता, आणि लोक माझ्याही पाया पडले असते. माझा जीव नव्हता, म्हणून माझं डोकं जागेवर राहिलं. त्याला वाचवायचा म्हणून मी मूठ उघडली, असं म्हणून मी कुणाकडून शाबासकी घेणार नाही. त्या क्षणी मला बामाचा नाही, त्या ओढण्याचाच संताप आला होता.

आणि हे बामाला कळलं होतं. बाकीच्या दोघांना नसेल. पण दोरी ताणलेली असताना पाय किती आवळला होता आणि सैल झाल्यावर कसा सुटला, ते ज्याचा पाय असतो त्याला कळतंच. बुडी मारणाऱ्याला तर अधिकच. मला वाटलं होतं, दम परत आला की तो सांगेल. शिवी घालून का होईना, सांगेल.

पडाव बंदराला लागला. मंगल्या आधी उडी टाकून पळाला, त्यामुळं आम्ही बामाला उतरवेपर्यंत सगळं बंदर गोळा झालं होतं. रेती वाहणाऱ्या बाया पाट्या टाकून आल्या होत्या. त्यांत सुगंधा होती. आणि बामाची आयस, चांगुणाबाय, जाडजूड, खणखणीत आवाजाची, जिच्यापुढं शिणवारही आवाज खाली घ्यायचा.

"कं झालं माज्या पोराला?"

बामा रेतीच्या ढिगाला टेकून बसला. कुणीतरी अंगावर धडपा टाकला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, सरळ डोळ्यांत. मग सुगंधाकडं पाहिलं. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला उघड्या पाण्यातल्या मासळीसारखं दिसलं. ज्यानं जीव वाचवला त्याच्या बहिणीवर उद्या पाय कसा टाकायचा? रोज दोरी बांधताना त्याच्या तोंडाकडं कसं बघायचं?

"मी गाडलो व्हतो," बामा म्हणाला. "तीनदा हिसका दिला. यानं दोरी सोडली. मी माज्या ताकदीनं वर आलो."

"सोडली?" चांगुणाबाय म्हणाली.

"इचार तांडेलला."

"सोडली," शिणवार म्हणाला. "माज्या डोल्यांदेखत. वर कोयता काढला. सकालीच बोलला व्हता, सोडीन म्हनून."

पहिली थप्पड कुणी मारली मला दिसलं नाही. मग बऱ्याच बसल्या. मी खाली पडलो नाही, कारण गर्दीत पडायला जागा नव्हती. कुणीतरी माझ्या दुखऱ्या खांद्याला धरून गदगदा हलवलं, आणि तेव्हा मी ओरडलो, "शिणवार! त्याला इचार, पाय कसा—"

"ही पोरगी माज्या घरात नको!"

चांगुणाबायच्या त्या ओरडण्यानं मारणारे हात थांबले. ती सुगंधाकडं बोट दाखवत मागं सरत होती. राग नव्हता तो. भीती होती.

"ज्या घरानं माज्या पोराला पान्यात सोडला त्या घरची पोरगी माज्या चुलीशी नको. पान्याला वाट दावली हाय यांनी. आज सोडलं, उद्या खाडी त्याला मागायला येईल. ही घरात असंपर्यंत येईल. घेऊन जा हिला! आत्ताच्या आत्ता!"

मी उघडलेलं तोंड मिटलं.

असा रिवाज होता की नाही, मला आजही ठाऊक नाही. सोडलेला माणूस जिवंत वर आलेला तोवर कुणी पाहिलाच नव्हता. पण चांगुणाबाय बोलली, आणि बाया माना हलवू लागल्या, जणू पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय.

"बराबर हाय," शिणवार म्हणाला. "ही घरात असताना मी बामाला पडावावर घेनार नाय. माजा पडाव बुडवाचा नाय मना."

बामा ढिगाला टेकलेला होता तो सरळ झाला. "आये, कं बोलतेस? ती कुठं जानार?"

"भावाच्या घरी. जिथून आली तिथं."

"घरचं कोन करील? रेती कोन व्हाईल?"

"मी व्हाईन. तू जिता राह्य."

"ती माजी बायको हाय!"

"दुसरी करू. भाऊ असलेली करू. चांगला भाऊ असलेली."

बामानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडंच बघत होतो. आपण काय केलंय हे त्याला तेव्हा कळलं. मला त्याच्या आधी कळलं होतं, एवढाच फरक.

"थांबा," तो म्हणाला. "थांबा जरा. तसं नाय. ऐका. दोरी सोडली म्हनूनच मी सुटलो. तानली व्हती तवा पाय आवललेला. सैल झाली आनि सुटला. यानं... यानं मुद्दाम सोडली. मी सुटावा म्हनून."

गर्दीत कुणीतरी हसलं.

"डोक्यात पानी गेलंय," शिणवार त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला. "दम कोंडला की असंच व्हतं. बोलू नको."

"खरं सांगतो, तांडेल! याला इचारा! याच्या बापाच्या येली—"

"कोयता काढला त्यानं, बामा. मी बघितला. सोडवाला कोन कोयता काढतो?"

"याला इचारा ना!"

सगळे माझ्याकडं वळले. शिणवार माझ्यासमोर आला. त्याच्या डोळ्यांच्या कडा अजून लाल होत्या.

"बोल. कशापायी सोडलीस?"

मी सुगंधाकडं पाहिलं. ती पाटी पोटाशी धरून उभी होती, सुजलेला हात पाटीआड लपवून. तिचा चेहरा मला वाचता आला नाही.

"मरावा म्हनून," मी म्हणालो.

"आनि हा म्हनतो त्ये?"

"खोटं. नशिबानं वाचला. मी सोडली, ती मरावा म्हनून सोडली."

त्यानंतर मला त्या बंदरावर पाऊल टाकता आलं नाही. खाडीच्या दोन्ही काठांवर माझं नाव गेलं. कुठल्याही पडावानं मला दोरी तर सोडाच, वल्हंही धरू दिलं नाही. मी शहरात जाऊन इमारतींवर पाणी मारायची कामं केली. आजही आमच्यातल्या लग्नात मला कुणी हळदीला बोलावत नाही. दोरी सोडणारा म्हणतात. म्हणोत.

चांगुणाबाय सुगंधापाशी गेली. मंगळसूत्र काढायला सांगितलं. सुगंधानं डावा हात मानेमागं नेला, पण एका हाताला फास निघेना, आणि उजवा वर जाईना. ती तशीच खटपट करत राहिली. कुणी पुढं झालं नाही. शेवटी चांगुणाबायनंच ते तिच्या डोक्यावरून ओढून काढलं. केस उपटले गेले असतील. सुगंधा हललीही नाही. मग तिनं पाटी खाली ठेवली, नीट, उलटी, धुवून ठेवतात तशी, आणि माझ्याकडं चालत आली.

लोकांनी वाट दिली. ती देताना थुंकलेही. आम्ही दोघं रेतीच्या ढिगांमधून रस्त्याकडं निघालो.

मागून बामा ओरडत होता. त्याला दोघांनी धरून ठेवला असणार, कारण आवाज जवळ येत नव्हता.

"हसुराम! सांग त्यांना! तुला ठाव हाय! आयची शप्पत घालतो, खरं कं त्ये सांग!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मला पुऱ्या नावानं हाक मारत होता. पहिल्यांदाच माझ्याकडं काही मागत होता.

सुगंधा चालता चालता थांबली. मागं वळली नाही.

"कं सांगाला सांगतोय?" तिनं विचारलं.

"काय नाय," मी म्हणालो. "चल."